जावईबापूंची गाळणी

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्याचं ताट उचलताना. भाचीने लग्न स्वतःच ठरवलं होतं आणि मावशीच्या नजरेखालून घालावं म्हणून ती त्याला माझ्याकडे जेवायला घेऊन आली होती. भाजी दुधीची होती. ती त्याला आवडली नाही हे मला पहिल्याच घासाला कळलं, कारण तो घास त्याने औषधाच्या गोळीसारखा पाण्याबरोबर घेतला. नको म्हणाला असता तर मला काही वाटलं नसतं. पण तो हसत राहिला, स्वयंपाकाची तारीफ करत राहिला, आणि जेवण संपलं तेव्हा त्याचं ताट लख्ख होतं. भाची म्हणाली, "बघ मावशी, किती स्वच्छ जेवतो." मी ताट आत नेलं, त्यातली वाटी उचलली, तर वाटीखाली दुधीच्या फोडी एकीला एक चिकटवून गोल रचून ठेवलेल्या. एकही फोड कडेबाहेर डोकावत नव्हती.

आयुष्य शाळेत गेलेल्या बाईला अशी मुलं नवीन नसतात. मनातल्या मनात टापटिपीला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुढचा रकाना कोरा ठेवला.

तसा माणूस गोड. भांग सरळ, शर्टाला इस्त्री, आवाज कधी चढायचा नाही. माझ्या दाराचा कडी-कोयंडा ढिला झाला तर न सांगता घट्ट करून जायचा. समोर मी त्याला जावईबापू म्हणते आणि अहो-जाहो करते. तो मला मावशी म्हणतो आणि सणकून घाबरतो. घाबरण्यासारखं मी काहीच केलेलं नाही. पण काही मुलांना बाई नुसत्या वर्गात आल्या तरी घाम फुटतो, तसं त्याचं आहे.

तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिथे नक्की काय करतो, हे मी भाचीला विचारलं होतं. भाची रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते आणि तिची जीभ तिच्या सुईइतकीच तीक्ष्ण आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे नमुना खराब आला तर आम्ही खराब असं लिहितो. याच्या ऑफिसात खराब नमुना आला की हा तो फ्रीजच्या मागे ठेवतो आणि सगळं चांगलं आहे असा कागद वर पाठवतो." तो शेजारीच बसला होता. हसला आणि म्हणाला, तितकं सोपं नसतं ते.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: दार. त्यांच्या ऑफिसात एक लांबलचक हॉल होता, त्यात टेबलांना टेबलं लागलेली. सगळे एकमेकांच्या शिंका मोजत बसायचे. हॉलच्या टोकाला एकच खोली होती, तिला खरंखुरं लाकडी दार होतं. विभागप्रमुख तिथे बसत. ते सोडून गेले आणि खोली रिकामी पडली. पाणी प्यायला जायचा जवळचा रस्ता दुसरीकडून असताना जावईबापू त्या दारावरून जायचे. त्यांनी टेबलावर ठेवायचा एक दिवाही विकत आणून ठेवला होता. तो खोक्यातच, घरी कपाटावर. धूळ बसली की पुसायचे. त्यांच्या आईचा फोन आला की ती माऊली तब्येत विचारायची नाही, सुनेचं विचारायची नाही, पहिला प्रश्न, "दार मिळालं का रे?"

त्या हॉलमध्ये मी जाऊन बसेन असं मला कधी वाटलं नव्हतं. कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवत होती: हजेरी, गुण, निकालपत्रकं. सगळं काम झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की हे ज्यांनी वापरायचं त्या शिक्षकांपैकी एकालाही कोणी विचारलेलं नाही. एखादी जुनी शिक्षिका आठवड्यातून थोडे दिवस येऊन बसली आणि वापरून चुका सांगत गेली तर बरं, असं ठरलं. जावईबापूंनी माझं नाव सुचवलं. मावशी घरीच असतात, असं ते म्हणाल्याचं मला नंतर कळलं. घरचं माणूस म्हणजे तोंड बंद ठेवणारं माणूस, असा त्यांचा हिशेब असावा.

मला शिकवायला एक टेस्टरबाई दिल्या. म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हाच त्यांचा धंदा. खुर्चीवर टाकायची एक गादी त्या बगलेत मारून सगळीकडे न्यायच्या, मीटिंगलासुद्धा. त्यांनी मला समजावून सांगितलं. चूक सापडली की तिला डिफेक्ट म्हणायचं आणि सिस्टिममध्ये तिची नोंद करायची. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती गंभीर, हे लिहायचं. नोंदीला आपोआप नंबर मिळतो. मग कोणीतरी ती दुरुस्त करणाऱ्याच्या नावावर टाकतं. ज्याच्या नावावर ती असेल तो तिचा मालक. दुरुस्त झाली की नोंद बंद.

"म्हणजे वर्गपाठाच्या वह्या," मी म्हटलं.

"हो. फक्त इथे मुलं वही आणत नाहीत आणि बाईही मागत नाहीत," टेस्टरबाई म्हणाल्या.

माझा पहिला डिफेक्ट मला अजून पाठ आहे. वर्गातली मुलं बरोबर एका पानावर मावतील इतकी असली, तर छापलेल्या निकालपत्रकात शेवटचं मूल यायचं नाही. एक मूल कमी असेल तर ठीक. एक जास्त असेल तर दुसरं पान निघायचं आणि तेही ठीक. पण पान काठोकाठ भरलं की हजेरीतलं शेवटचं नाव गायब. स्क्रीनवर ते दिसायचं, गुण दिसायचे, कागदावर मात्र ते मूल शाळेत नव्हतंच. ज्या मुलाचं नाव हजेरीत शेवटी असतं त्याला तसंही सगळं शेवटी मिळतं. तोवर बाईंचा आवाज दमलेला असतो. निदान निकाल तरी त्याला मिळावा. मी तळमळून नोंद लिहिली, पायरी-पायरीने, तिसरीच्या मुलाला कळेल अशी. टेस्टरबाईंनी वाचली आणि म्हणाल्या की निबंध झालाय, पण कळतो.

नंतर मी बऱ्याच नोंदी केल्या. वर्षाच्या मध्ये तुकडी बदललेल्या मुलाचे आधीचे गुण पुसले जायचे. आजारपणाची रजा गैरहजेरीत धरली जायची. सारख्या नावाच्या दोन मुलींचे शेरे अदलाबदल व्हायचे, मग दंगेखोर मुलगी शांत आणि शांत मुलगी दंगेखोर. मी लिहीत गेले. कोणी काही विचारायला आलं नाही. मला वाटलं, मुलं शहाणी आहेत, आपापलं करताहेत.

दर शुक्रवारी मोठ्या साहेबांपुढे मीटिंग व्हायची आणि त्यात जावईबापूंचा मान पहिला. सिस्टिममधून सगळ्या नोंदी ओढून काढायच्या, त्या गाळायच्या आणि जे उरेल त्याचं रंगीत चित्र भिंतीवर दाखवायचं, हे त्यांचं काम. लाल म्हणजे वाईट, हिरवं म्हणजे चांगलं. मी पहिल्यांदा त्या मीटिंगला बसले तेव्हा चित्र पाहून मला एखाद्या बागेत आल्यासारखं वाटलं. सगळं हिरवं, मध्ये कुठे एखादं लाल फूल. मोठे साहेब खूश. ते म्हणाले, "असं नीटनेटकं काम पाहिलं की बरं वाटतं." जावईबापूंनी मान खाली घातली, जशी वर्गात पहिली येणारी मुलं घालतात.

त्या बागेत माझं एकही फूल नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि माझ्या नोंदी कुठे गेल्या ते विचारलं.

"आहेत हो मावशी," ते म्हणाले. "फक्त दिसत नाहीत."

"म्हणजे देवासारख्या?"

"तसं नाही. फिल्टरमध्ये बसत नाहीत."

मग त्यांनी डबा बाजूला सारून मला त्यांचा फिल्टर दाखवला. हौसेने दाखवला, नव्या घराच्या खोल्या दाखवाव्यात तसा. त्याचं नाव त्यांनी 'शुक्रवार' ठेवलं होतं. एकदा जतन करून ठेवला होता, त्यामुळे सिस्टिम उघडली रे उघडली की सगळं त्यातूनच गाळून यायचं. त्यांचं बघून हॉलमधल्या सगळ्यांनी तोच लावून घेतला होता. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना गाळणी म्हणत, हे त्यांना माहीत नव्हतं.

सुरुवातीला त्या गाळणीला एकच जाळी होती: जे डिफेक्ट अजून उघडे आहेत तेच दाखव. ठीक आहे. मग एका शुक्रवारी मोठे साहेब म्हणाले, इतके? तेव्हा दुसरी जाळी आली, फक्त गंभीर तेवढे दाखव. पुढे एका शुक्रवारी एक गंभीर डिफेक्ट फार जुना निघाला आणि साहेबांनी विचारलं, हा अजून आहेच? तेव्हा तिसरी जाळी, फक्त नव्या आवृत्तीतले दाखव. मग कधीतरी साहेबांनी एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि हे कोण बघतंय असं विचारलं. कोणीच बघत नव्हतं. सगळा हॉल बुटांकडे बघू लागला. जावईबापूंना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मी समजू शकते. त्या संध्याकाळी चौथी जाळी लागली: ज्या नोंदीला मालक आहे तीच दाखव. साहेबांनी जिथेजिथे कपाळाला आठी घातली होती तिथेतिथे ह्यांनी एकेक अट घातली होती. तो फिल्टर म्हणजे त्यांच्या भित्रेपणाचं प्रगतिपुस्तक होतं.

मी बाहेरची. नोंद कोणाच्या नावावर टाकायचा अधिकार मला नव्हता. माझ्या सगळ्या नोंदी बिनमालकाच्या, म्हणून एकही कोणी पाहिली नव्हती. ते शेवटचं मूलसुद्धा त्या गाळणीच्या तळाशी.

"मग टाका ना कोणाच्या तरी नावावर," मी म्हटलं.

"टाकतो," ते म्हणाले आणि डबा पुढे ओढला.

ते टाकणार नव्हते, आणि का, ते मला टेस्टरबाईंनी सांगितलं. मालक नसलेली नोंद दिसत नाही, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्यामुळे गुरुवारी दुपारचा चहा झाला की दुरुस्तीवाली मंडळी आपापल्या नावावरच्या डिफेक्टवरून नाव पुसून टाकायची. शुक्रवारी चित्र हिरवं. सोमवारी नाव परत घालायचं. विसरलं तर आणखीच बरं. याला ते 'बेवारस करणं' म्हणत, आणि भाजी निवडावी तितक्या सहज करत. टेस्टरबाई स्वतःही करायच्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या गादी सारखी करत म्हणाल्या, "बाई, मी चुका शोधते. शोधून दाखवायचा पगार मला नाही."

आमच्या शाळेत एक मुख्याध्यापक होते. तपासणीला साहेब यायचे असले की ते कच्च्या मुलांना आदल्या दिवशी सांगायचे, उद्या घरी आराम करा. एका वर्षी असाच घरी पाठवलेला मुलगा शाळेच्या भिंतीवर चढून बसला आणि साहेबांची गाडी आली तेव्हा त्याने हात हलवून त्यांचं स्वागत केलं. साहेबांनी त्याला सात एके सात विचारलं. त्याला ते आलंसुद्धा. ते मुख्याध्यापक वाईट नव्हते. त्यांनाही कुठलं तरी दार हवं असणार. पण त्यांच्याविषयी मला कधी आदर वाटला नाही, आणि त्या दुपारी जावईबापूंच्या डब्याकडे बघताना मला तेच वाटलं. वाटीखाली फोडी लपवायची खोड लहानपणी सुटली नाही की माणूस पुढे मोठमोठ्या वाट्या शोधत राहतो.

मग नव्या सिस्टिमची बातमी आली. जुनी सिस्टिम बंद करायची, नोंदी तिच्यातून काढून नवीत न्यायच्या. जो हे काम बिनबोभाट करेल त्याच्याकडे विभाग द्यायला हरकत नाही, असं मोठे साहेब बोलता बोलता म्हणाले. असलं बोलता बोलता म्हटलेलं जावईबापूंच्या कानातून कधी सुटत नसे. त्यांनी ते काम मागून घेतलं. जुन्या सिस्टिमला एक पान दे, पुढचं पान दे, असं विचारत जायचं आणि ती देईल ते नवीत ओतायचं, असा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः बसून लिहिला. कामात कसूर नव्हती. घरी जेवतानाही त्यांचं डोकं त्यातच असायचं. भाची म्हणायची, दुधी वाढला तरी कळत नाही आता.

नोंदी आल्या. मोजल्या तेव्हा थोड्याच निघाल्या. जावईबापूंनी पडताळणी केली. म्हणजे काय केलं, तर जुन्या सिस्टिममध्ये आपल्या स्क्रीनवर किती दिसतात ते पाहिलं आणि नवीत किती आल्या ते पाहिलं. आकडा तंतोतंत जुळला. न जुळून सांगतो कुणाला. जुनी सिस्टिम ज्याच्या नावाने विचारलं जाई त्याच्या फिल्टरमधूनच नोंदी देत होती, मग विचारणारं माणूस असो की प्रोग्रॅम. विचारत होते जावईबापू. त्यांनी गाळलेलं गाळलेल्याशी ताडून पाहिलं. शेजारच्याचा चुकलेला गणिताचा पेपर उतरवून काढायचा आणि मग उत्तर बरोबर आहे का ते त्याच पेपरात बघायचं, अशी मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत. पण ती मुलं होती.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. एवढं मोठं सॉफ्टवेअर आणि एवढेच दोष, हे त्यांनी शाळांच्या मंडळालाही कळवून टाकलं. खोलीचं दार पुसून घेतलं गेलं.

मी माझ्या जागेवर बसून नव्या सिस्टिममध्ये माझं शेवटचं मूल शोधलं. नंबराने शोधलं, शब्दांनी शोधलं. नव्हतं. तुकडी बदललेला मुलगा नव्हता. सारख्या नावाच्या मुलीही नव्हत्या. मी उठून जावईबापूंच्या टेबलाशी गेले आणि हळू आवाजात विचारलं. त्यांना आधी वाटलं, मावशींना शोधता येत नाही. त्यांनी स्वतः शोधलं. मग जुनी सिस्टिम उघडली, 'शुक्रवार' काढून टाकला, आणि स्क्रीनवर नोंदी उतरू लागल्या. उतरतच राहिल्या. पानामागून पान. त्यांचा चेहरा ओल्या फळ्यासारखा झाला.

"जुनी बंद कधी होणार?" मी विचारलं.

"परवा."

"म्हणजे वेळ आहे. फिल्टर काढून परत आणा सगळं. साहेबांना आज सांगा."

ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "मावशी, त्यांनी मंडळाला आकडा सांगितलाय. आता मी जाऊन काय सांगू, की तो आकडा माझ्या भीतीचा होता?"

माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात खरं वाक्य. मला त्यांची कणव आली. मी म्हटलं, "हेच सांगा. अगदी ह्याच शब्दांत."

"दार जाईल," ते म्हणाले.

"जाईल."

"घरातली गोष्ट घरात राहू द्या, मावशी. तुमच्या भाचीसाठी."

इथे मात्र माझी कणव संपली. भाचीला त्या दाराशी काही देणंघेणं नव्हतं. तिला कपाटावरचं खोकं हलवायचं होतं, तिथे गाद्या ठेवायला जागा झाली असती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, उद्यापर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे त्यांना स्वतःलाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. ते ऑफिसला आलेच नाहीत. मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, पांघरूण घेऊन पडलाय, ताप नाही, नाडी व्यवस्थित आहे, तू जा आणि सांग.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, जावईबापूंना जितकं सांभाळता येईल तितकं सांभाळून. चूक भल्याभल्यांची होते, अजून जुनी सिस्टिम चालू आहे, एका दिवसाचं काम आहे. शेवटच्या मुलाबद्दलही सांगितलं. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. नम्र माणूस. माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, नव्या घरात जाताना माणूस जुनी अडगळ मागे ठेवूनच जातो. जे खरंच महत्त्वाचं असेल ते पुन्हा सापडेल."

मी म्हटलं, सापडेल, पण शाळांना सापडेल.

ते हसले. चहा चांगला होता. मला आजवर वाटायचं की तो हॉल माझ्या भाचीच्या नवऱ्याने बिघडवला. त्या दिवशी समजलं की तो बिचारा नुसतीच गाळणी होता; गाळून पिणारे वेगळे होते.

परवा उजाडला, जुनी सिस्टिम बंद झाली आणि पुसली गेली. जावईबापूंचं डोकं दुखायचं थांबलं. खोली मिळाली. कपाटावरचा दिवा खोक्यातून निघाला आणि नव्या टेबलावर लागला. आईचा फोन आला तेव्हा ह्यांनी एकच शब्द उच्चारला, "मिळालं," आणि मला भाचीने सांगितलं की पलीकडून रडण्याचा आवाज आला. मला त्यांनी पेढ्याच्या पुड्याऐवजी एक पेन आणून दिलं, बहुधा लाच म्हणून. मी ते घेतलं. चांगलं चालतं.

मग शाळा सुरू झाल्या. पहिली चाचणी होईपर्यंत सगळं हिरवं होतं. चाचणी झाली, निकालपत्रकं छापली गेली आणि फोन वाजला. पहिला फोन एका वर्गशिक्षिकेचा होता. वर्गात तिने निकाल वाचून दाखवला, आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, बाई, मी राहिले. बाईंनी कागद उलटासुलटा केला. मुलगी नव्हती. ती दिवसभर शाळेत येऊनही नसल्यासारखी बसून होती, असं त्या शिक्षिकेने सांगितलं. फोन टेस्टरबाईंनी घेतला होता. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच गादी विसरून उठल्या.

त्यानंतर फोन थांबेचनात. माझी एकेक नोंद शाळांमधून परत येऊ लागली, नवी कोरी होऊन. इतरांच्याही आल्या, मला माहीत नसलेल्या, हॉलमधल्या मंडळींनी गुरुवारी बेवारस करून सोमवारी विसरलेल्या. कशी दुरुस्त करायची, कुठे शोधायचं, आधी कोणी काय करून पाहिलं होतं, हे सगळं पुसलेल्या सिस्टिमबरोबर गेलं होतं. दुरुस्तीवाले प्रत्येक फोनला म्हणायचे, असं होऊच शकत नाही.

मोठ्या साहेबांनी मीटिंग बोलावली. ते म्हणाले की हे सगळं त्यांना आज कळतंय आणि वेळेवर कोणीतरी सांगायला हवं होतं. मी समोरच बसले होते. त्यांची नजर माझ्यावरून गेली, अगदी सावकाश, आणि भिंतीवरच्या चित्रावर स्थिर झाली. मी चहाची आठवण करून देणार होते, पण जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत घाबरलेपणा नव्हता, नुसता थकवा होता. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला सांगितलं होतं. नोंदी मी गाळल्या." एवढंच बोलले आणि बसले. साहेबांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी त्याला धैर्य म्हणायला तयार नाही, कारण तोवर लपवायला वाटीच उरली नव्हती. पण कोऱ्या ठेवलेल्या त्या रकान्यात मी तिथल्या तिथे थोडे गुण लिहिले.

साहेबांना त्यांचा माणूस मिळाला. विभाग दुसऱ्याकडे गेला. खोली मात्र जावईबापूंकडेच राहिली. शाळांच्या तक्रारींचा फोन त्यांच्या टेबलावर आणून बसवला, कारण हॉलमधल्या एवढ्या खोल्यांत... खोल्या कसल्या, एकच. तिला दार होतं, आणि दार लावलं की फोनचा त्रास इतरांना होत नसे.

नव्या सिस्टिममध्ये एक गोष्ट जुनीपेक्षा बरी आहे. मालकाचा रकाना रिकामा ठेवला तर ती नोंद घेतच नाही. दुरुस्तीवाले आपलं नाव घालू देत नाहीत. आधी सिद्ध करा म्हणतात. म्हणून फोनवर ऐकलेल्या प्रत्येक तक्रारीपुढे जावईबापू आधी स्वतःचं नाव घालतात आणि मग महिना-महिना एकेकाच्या टेबलाशी जाऊन उभे राहतात. दुरुस्त झाली तरच नाव निघतं. गुरुवारी कोणाचंही निघत नाही. माझं काम कधीच संपलं, पण मध्ये त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "मावशी, त्या शेवटच्या मुलाच्या पायऱ्या पुन्हा सांगता का? त्या शाळेच्या बाईंना नीट सांगता येत नाहीयेत." मी सांगितल्या. ते लिहून घेत होते, मध्येच थांबवून विचारत होते, पान पूर्ण भरलेलं म्हणजे नक्की कसं. शेवटी म्हणाले, कळलं.

आई अजून फोन करते आणि दार कसं आहे ते विचारते. चांगलं आहे, असं ते सांगतात.

भाचीकडे मी परवा जेवायला गेले होते. जावईबापूंनी मला ताट वाढलं आणि स्वतःचा डबा भरून घेतला, कारण दुपारी शाळा सुटायच्या वेळी फोन जास्त येतात. हल्ली ते रोज सकाळी त्या खोलीत जाऊन बसतात, दार लावतात, आणि शाळांच्या नोंदी स्वतःच्या नावावर लिहून घेतात.